रिलिव्हर आला नाही, थांबशील का?

बदलापूरला राहणारा आणि रबाळ्याच्या एखाद्या केमिकल प्लांटमध्ये रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी करणारा एक ऑपरेटर समजा. कागदावर त्याला दोन पाळ्यांच्या मध्ये बारा तासांची विश्रांती आहे. ती जरा उलगडून बघू. पुढच्या पाळीच्या माणसाला, म्हणजे रिलिव्हरला, हँडओव्हर देऊन गेटबाहेर पडेपर्यंत साडेआठ होतात. शेअर रिक्षा, रबाळे ते ठाणे ट्रान्सहार्बर, ठाण्याला फलाट बदलून बदलापूर लोकल. घरी पोचेतो साडेदहा. आंघोळ, खाणं, पोराच्या शाळेच्या फॉर्मवर सही, आणि पाठ टेकते साडेअकराला. संध्याकाळी पावणेसहाला घर सोडायचं तर पाचला उठायला हवं. उरले साडेपाच तास. त्यातून कुकरच्या शिट्ट्या, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावरचं ड्रिल आणि मे महिन्याचा उकाडा अजून वजा केलेला नाही.

हाच माणूस पुढच्या पहाटे चार वाजता रिॲक्टरचं तापमान बघत पॅनलसमोर बसणार आहे.

त्याला पेंग आली की आपल्याकडे बोलणं लगेच स्वभावावर येतं. कामचुकार आहे, दिवसा झोपत नाही, मोबाईल बघत बसतो. काही जण बसतही असतील. पण सेफ्टीच्या कामात थकव्याकडे स्वभाव म्हणून बघणं म्हणजे गॅसगळतीला वासाची तक्रार म्हणण्यासारखं आहे. झोप कशी चालते हे थोडं समजून घेतलं की हा प्रश्न माणसापेक्षा वेळापत्रकाचा जास्त आहे, हे दिसायला लागतं.

झोप येते ती दोन कारणांनी

१९८२ मध्ये झ्युरिकचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी झोपेची एक सोपी मांडणी केली. ती आजही या विषयाचा पाया मानली जाते. त्यांच्या मते झोप दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे जागेपणाचा साठत जाणारा दाब. जितका वेळ जागे, तितका दाब जास्त. मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन जमत जातं आणि झोपल्यावर ते ओसरतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. चहा-कॉफीतलं कॅफिन हे ॲडेनोसिन काढून टाकत नाही. ॲडेनोसिन जिथे जाऊन बसतं ती जागा अडवून धरतं, एवढंच. म्हणून पहाटेच्या कटिंगने तरतरी येते, पण झोपेची गरज तिळभरही कमी होत नाही. शिवाय अर्धं कॅफिन शरीरातून जायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. पहाटे पाचला घेतलेला कडक चहा सकाळी साडेअकराला अंथरुणात सोबतीला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात काही हजार पेशींचा एक छोटा पुंजका असतो. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून तो दिवसरात्र ओळखतो आणि त्यानुसार शरीराचं तापमान, हार्मोन, पचन, सावधपणा या सगळ्यांचं वेळापत्रक लावतो. पहाटे साधारण तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि सावधपणाही. आदल्या दिवशी भरपूर झोपलेल्या माणसालाही ही वेळ जड जाते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान याचीच छोटी आवृत्ती येते, आणि त्याचा दोष आपण उगाच जेवणातल्या भाताला देतो.

रात्रपाळीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माणसाच्या विरोधात जातात. जागरणाचा दाब चढलेला असतो आणि घड्याळ तळाला असतं. सकाळी घरी आल्यावर नेमकं उलटं होतं. दाब झोपवू पाहतो आणि घड्याळ म्हणतं, ऊठ, दिवस झाला. म्हणून दिवसाची झोप तुटक आणि आखूड असते. खोलीत चिडीचूप असली तरी ती रात्रीच्या झोपेइतकी भरत नाही.

"सवय होते हो," असं अनेक जुने कामगार सांगतात. जागं राहण्याची सवय होते, हे खरं. पण घड्याळ पूर्णपणे उलटं फिरलं असे लोक कायम रात्रपाळी करणाऱ्यांतही थोडेच निघतात, कारण सकाळी घरी जाताना तोंडावर पडणारं ऊन त्याला रोज परत जागेवर आणतं. सुट्टीच्या दिवशी बायकामुलांबरोबर दिवसा जागलं की उरलीसुरली जुळणीही मोडते. एमआयडीसीत बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला पाळी बदलते. त्यातही क्रमाला महत्त्व आहे. फर्स्टनंतर सेकंड आणि मग नाईट हा क्रम शरीराला त्यातल्या त्यात मानवतो, कारण माणसाचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. नाईटवरून सेकंड आणि सेकंडवरून फर्स्ट अशी उलटी फिरकी काही रोस्टरमध्ये अजून आहे. ती सरळ करायला पैसा लागत नाही, एक्सेलची शीट बदलावी लागते.

गेटवर दारू तपासतात

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना एकदा जागं ठेवलं, एकदा दारू पाजली आणि दोन्ही वेळा हात-डोळ्यांच्या समन्वयाची एकच चाचणी घेतली. सलग १७ तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी झाली. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या आसपास गेली.

आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. आता नाईटच्या पहिल्या रात्रीचा हिशोब करा. आठवडाभर फर्स्ट करून सुट्टी संपवलेला माणूस सकाळी सातला उठतो, दिवसभर बाजारहाट करतो आणि रात्री पाळीवर येतो. मध्यरात्री त्याचे १७ तास भरतात. सकाळी सातला २४. त्यानंतर तो मोटारसायकलला किक मारून ठाणे-बेलापूर रोडवर येतो. दारूच्या भाषेत बोलायचं तर कायद्याच्या तिप्पट चढलेली असताना. गेटवर वास आला असता तर सिक्युरिटीने आत सोडलं नसतं. चोवीस तास जागलेल्या माणसाला मात्र "काल तू होतास म्हणून निभावलं" अशी शाबासकी मिळते.

खरी अडचण पुढची आहे. २००३ मध्ये हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यात लोकांना १४ दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं. सहा तासवाल्यांची लक्ष देण्याची क्षमता रोज थोडी थोडी घसरत गेली आणि दोन आठवड्यांच्या शेवटी ती पूर्ण रात्र जागलेल्या माणसांच्या पातळीला पोचली. चार तासवाल्यांची अवस्था त्याहून वाईट. पण त्यांनाच विचारलं, किती झोप येते आहे, तर सुरुवातीचे काही दिवस सोडले तर त्यांची उत्तरं फारशी बदलत नव्हती. कामगिरी खाली जात होती आणि त्यांना वाटत होतं, आता जमलं. ज्या काट्यावर वजन करायचं तोच काटा बिघडला, तर माल कितीही वेळा ठेवून बघा.

म्हणून ही नेहमीची बातचीत अगदी निरुपयोगी आहे:

"रिलिव्हर आला नाही रे. थांबशील का? जमेल ना?"

"हो साहेब, काय टेन्शन नाही. फ्रेश आहे मी."

तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच फ्रेश वाटतंय.

आधी काय जातं

थकलेल्या माणसाचे हातपाय बऱ्यापैकी चालतात. रोजची ठरलेली कामं, राऊंड मारणं, रीडिंग लिहिणं, व्हॉल्व्ह फिरवणं, हे सगळं तो करतो. आधी जातं ते दुसरंच. काहीतरी वेगळं घडतंय हे टिपणं, आणि एकदा बांधलेला अंदाज चुकला असेल तर तो सोडून देणं. एकाच गोष्टीवर नजर खिळते आणि बाजूचं दिसेनासं होतं.

याचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सस सिटीच्या बीपी रिफायनरीतलं आहे. २३ मार्च २००५ ची दुपार. एक टॉवर बंदनंतर पुन्हा सुरू करत होते. त्यात द्रव जात राहिला आणि तीन तासांहून जास्त वेळ बाहेर काहीच काढलं गेलं नाही. पातळी दाखवणारं उपकरण बिघडलेलं होतं. टॉवर भरत असताना ते पातळी उतरतेय असं दाखवत होतं. उंच पातळीचा एक अलार्म वाजलाच नाही. रात्रीच्या पाळीने लॉगबुकमध्ये एका ओळीची त्रोटक नोंद ठेवून चार्ज सोडला होता. दुपारी १:२० च्या सुमाराला ज्वलनशील द्रव चिमणीसारख्या उभ्या पाइपातून कारंज्यासारखा उडाला, त्याची वाफ पेटली आणि १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात आढळलं की तिथले ऑपरेटर सलग २९ किंवा त्याहून जास्त दिवस रोज बारा तासांची पाळी करत होते. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, हा साधा हिशोब कुणाच्या डोक्यात आला नाही, याचा संबंध बोर्डाने साठलेल्या झोपेच्या तुटीशीही जोडला.

स्फोट भर दुपारी झाला, हे इथे लक्षात ठेवायचं. थकवा म्हणजे फक्त रात्रपाळी नव्हे. दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात त्या शटडाऊनच्या काळात दिवसपाळीचे लोकही महिनाभर सुट्टीविना घासतात, आणि प्लांट सुरू करण्याचं सगळ्यात नाजूक काम नेमकं त्याच महिन्याच्या शेवटी येतं. तळोजा, पाताळगंगा, टीटीसी, कुठेही काम केलेल्या माणसाला हे चित्र नवीन नाही. या अपघातानंतर २०१० मध्ये अमेरिकी पेट्रोलियम उद्योगाने थकव्यासाठी वेगळं मानक काढलं. सलग किती दिवस, किती तास, आणि त्यानंतर किती सुट्टी, याच्या मर्यादा त्यात घातल्या.

एक इशाराही द्यायला हवा. थकव्यावरच्या व्याख्यानांत भोपाळ, चेर्नोबिल, थ्री माईल आयलंड अशी यादी हमखास येते, कारण तिन्ही घटना मध्यरात्र ते पहाट या वेळेत सुरू झाल्या. पण भोपाळमध्ये टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, निसटलेला वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर नादुरुस्त होता, खर्च वाचवायला माणसं कमी केली होती. त्या रात्रीचं खापर कामगारांच्या झोपेवर फोडणं म्हणजे कंपनीला मोकळं सोडणं. थकव्याचं शास्त्र कामगाराला आरोपी करायला वापरलं जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुर्दैवाने ते तसं वापरलं जातं.

डुलकी: लपून घेतलेली आणि सांगून घेतलेली

झोपेचा दाब फार वाढला की मेंदू परवानगी विचारत नाही. दोन-चार सेकंदांसाठी तो स्वतःच बंद होतो. कधीकधी डोळे उघडे असतात. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ५० मीटर रस्ता कुणी चालवतच नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर हे जास्त होतं. पाम बीच रोडवर पहाटे किंवा आमण्यापासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर धावणाऱ्या समृद्धी महामार्गावर कधीही. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी काही मिनिटं मिळतात, ती गाडी बाजूला घेण्यासाठी.

रेल्वेने हे धोके फार पूर्वी ओळखले. लोकलच्या मोटरमनचा हात हँडलवरून सुटला की ब्रेक लागतो. त्याला डेड मॅन हँडल म्हणतात. इंजिनांत सावधानता तपासणारं यंत्र असतं. ठरावीक वेळात चालकाने काहीच हालचाल केली नाही तर ते आधी इशारा देतं आणि मग गाडी थांबवतं. पण अशा यंत्रांचीही मर्यादा आहे. अर्धवट झोपेतला माणूस सवयीने बटण दाबू शकतो.

मग उपाय? झोपेला पर्याय फक्त झोप. नासाने लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांना उड्डाणात ४० मिनिटांची नियोजित विश्रांती दिली, त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले, आणि विश्रांती न मिळालेल्यांपेक्षा उरलेल्या उड्डाणात ते स्पष्टपणे सावध राहिले. त्या वेळी दुसरा वैमानिक जागा होता आणि सूत्रं त्याच्याकडे होती. महत्त्वाचं तेच आहे.

आपल्या बहुतेक प्लांटमध्ये झोपताना सापडला की मेमो मिळतो. त्यामुळे डुलकी थांबत नाही, ती कंप्रेसर रूमच्या मागे जाते. पॅनल कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं. सांगून, नोंद करून, दुसऱ्याच्या हाती काम देऊन घेतलेली वीस मिनिटं त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. पण हे ऐकून कुठलाही प्लांट मॅनेजर आधी हसतो, हे मी पुरेसं पाहिलंय.

डुलकीला एक काटाही आहे. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं डोकं जड असतं आणि निर्णय मंद व चुकीचे येतात. २२ मे २०१० ला पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं. विमानातल्या १६६ पैकी १५८ जण गेले. चौकशीत निघालं की कॅप्टन उड्डाणातला दीड तासाहून जास्त वेळ झोपले होते आणि उतरण्याच्या थोडं आधी उठले. विमान फार उंचावरून येतंय असं सहवैमानिकाने सांगूनही उतरणं सोडलं गेलं नाही. म्हणून डुलकी वीस-पंचवीस मिनिटांचीच असावी आणि उठल्यावर अर्धा तास कुठल्याही नाजूक कामाला हात लावू नये. डुलकीच्या आधी कॉफी प्यायली तर उठताना तिचा असर सुरू होतो. ही युक्ती खरंच चालते, फक्त पाळीच्या पहिल्या अर्ध्यात.

घोरण्याबद्दलही थोडं. आपल्याकडे घोरणारा माणूस गाढ झोपला असं समजतात. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं, दचकून उठणं आणि दिवसभर पेंगणं ही स्लीप ॲप्नियाची लक्षणं असू शकतात. १ डिसेंबर २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये लोकल गाडी वळणावर रुळावरून घसरून चार जण दगावले. चालकाला असाच, तोवर न ओळखलेला ॲप्निया होता, आणि दोनच आठवड्यांपूर्वी त्याची पाळी दुपारवरून पहाटेवर आली होती. ड्रायव्हर, क्रेन ऑपरेटर, पॅनलवाले यांच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब आणि साखर बघतात. घोरण्याचा प्रश्नही त्याच फॉर्मवर बसू शकतो.

तासांचा कायदा आणि पगाराची स्लिप

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी दिली आणि जादा कामाला दुप्पट दर ठेवला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नऊची मर्यादा बारापर्यंत नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेवढेच आणि सुट्ट्या जास्त असतील तर बारा तासांची पाळी सरसकट वाईट नसते. चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी अनेकांना आवडते. पण तेराव्या तासापासूनचा प्रवास कायद्यात मोजला जात नाही, आणि बदलापूरचं अंतर कुठल्याही मंत्रिमंडळाला कमी करता आलेलं नाही.

ट्रकवाल्यांसाठी १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत दिवसाला आठ तास सांगायचा. तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. नारायणगावहून टोमॅटो भरून पहाटे वाशीच्या एपीएमसीत उतरवणारा स्वतःच्या टेम्पोचा मालक-चालक त्याच्या बाहेरच. दिवसभर भराईला तोच उभा, रात्रभर स्टिअरिंगवर तोच, आणि क्लीनर परवडत नाही म्हणून बोलायलाही कुणी नाही.

तासांवर मर्यादा घातली की माणसं जास्त लागतात, हे २०२५ च्या डिसेंबरात सगळ्या देशाला दिसलं. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास करणारे आणि रात्रीचं लँडिंग कमी करणारे नियम पूर्ण लागू झाले, एका मोठ्या विमान कंपनीकडे पुरेसे वैमानिक नव्हते, हजारो उड्डाणं रद्द झाली. आणि सवलत मिळाली ती कंपनीला, त्याच नियमातून.

कारखान्यातही हेच. रिलिव्हर येत नाही कारण जादा माणूस ठेवलेला नाही. थांबणारा थांबतो कारण कॉन्ट्रॅक्टच्या बेसिकवर घरभाडं भागत नाही, ओटी धरून भागतं. त्याला "डबल मारू नकोस", म्हणजे सलग दोन पाळ्या करू नकोस, म्हणणं सोपं आहे. डबल बंद केली तर सगळ्यात आधी तोच चिडेल, आणि त्याचं चिडणं बरोबर असेल.

तरी सुपरवायझरच्या हातात काही गोष्टी आहेत. टँक बदलणं, लाईन उघडणं, बंदिस्त टाकीत माणूस उतरवणं ही कामं तीन ते पाचच्या बाहेर लावता येतात. हँडओव्हर पॅनलसमोर उभं राहून, घेणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवत घेता येतं. नाईटच्या पहिल्या दिवशी दुपारी दोन तास झोपून यायला सांगता येतं, आणि त्या आठवड्यात घरी जायला मोटारसायकलऐवजी कंपनीची बस देता येते. बस-ट्रेनने जाणाऱ्याने गडद गॉगल लावला तर सकाळचं ऊन घड्याळापर्यंत कमी पोचतं. गाडी चालवणाऱ्याने मात्र लावू नये, उरलेली जाग ऊनच टिकवत असतं.

अपघाताच्या फॉर्मवर "कारण: मानवी चूक" लिहून फाईल बंद होते. तिथे तीन प्रश्न वाढवायचे: घटनेच्या वेळी माणूस किती तास जागा होता, आधीच्या ७२ तासांत एकूण किती झोपला, आणि सलग कितवी पाळी होती. हेच प्रश्न डबलला थांबवण्याआधी विचारता येतात. "जमेल ना?" ऐवजी "शेवटचा कधी उठलास?"